जुन्या मोटारीच्या एंजिनाची पारख

व्याख्यानमालेच्या पत्रकात आमचा विषय छापून आला, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले, "काय हो, वेदान्त आणि अर्थकारण यांच्या मध्ये ही मोटार कुठून घुसली?" प्रश्न रास्त होता. परंतु मध्यमवर्गीय मनुष्य आयुष्यात ज्या मोठ्या खरेद्या करतो, त्यांत घराच्या खालोखाल मोटारीचा क्रम लागतो. घर घेताना वकिलाला विचारणारा, कागदपत्रे चाळणारा हाच मनुष्य जुनी मोटार घेताना मात्र रंग पाहतो, गादी दाबून पाहतो, हॉर्न वाजवतो आणि विसार देऊन मोकळा होतो. एंजिन झाकणाखाली असते. ते काही बोलत नाही, आणि त्याला बोलते करण्याची रीत आपल्याला कोणी शिकवलेली नसते. ती रीत सांगावी एवढाच आजचा हेतू आहे.

आम्ही स्वतः ती रीत ठेच लागून शिकलो. १९९१ साली आम्ही एका गृहस्थांकडून त्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. गाडी पाहावयास गेलो तेव्हा ती धुऊनपुसून दारात उभी होती. बॉनेट चांगले गरम लागत होते. "तुम्ही यायच्या म्हणून जरा पेट्रोल भरून आणली," असे ते म्हणाले आणि त्या सौजन्याने आम्ही भारावून गेलो. गाडी चटकन सुरू झाली, आवाज नाही, धूर नाही. दोन महिन्यांनी आम्ही नियमाप्रमाणे ऑइल बदलले आणि एंजिनाने तोंड उघडले. सकाळी गाडी सुरू केली की मागे निळा धूर, आणि आतून कोणी हातोडीने ठोकावे तसा आवाज. मिस्त्रींनी आधीच्या ऑइलबद्दल दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "साहेब, जाड ऑइल घालून दिली होती गाडी. घेताना एंजिन थंड असताना पाहिलं होतं का?" पाहिले नव्हते. सिलिंडर बोअर करावे लागले, मोठ्या मापाचे चार पिस्टन घालावे लागले, क्रँक घासून नवी बेअरिंगे टाकावी लागली. घराची गच्ची गळत होती, तिच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली रक्कम त्यात गेली, आणि तो पावसाळा आम्ही घरात पातेली मांडून काढला.

यात केवळ आमचाच भोळेपणा होता असे नव्हे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात उदाहरण म्हणून जुन्या मोटारींचाच बाजार घेतला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा भीतीपोटी मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते. या विचाराबद्दल २००१ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला अन्य दोघांसमवेत मिळाले. आम्हाला त्यातली एक गोष्ट विशेष पटते. परीक्षा कशी करावी हे घेणाऱ्याला कळले तर त्याचा लाभ सचोटीने गाडी वापरणाऱ्या विक्रेत्यालाही होतो. आजपर्यंत त्याच्या गाडीला लबाडाच्या गाडीचा भाव येत होता.

आता एंजिनाकडे वळू. सायकलचा पंप सर्वांनी हाताळलेला आहे. तोंडाशी बोट दाबून दांडा रेटला की आतली हवा दबते आणि बोटाला ढकलते. आतले कातडी वॉशर वाळले असेल तर हवा बाजूने निसटते आणि दांडा फुकट खालीवर होतो. मोटारीचा सिलिंडर म्हणजे असाच एक भक्कम पंप होय. त्यातला दट्ट्या म्हणजे पिस्टन, कातडी वॉशरच्या जागी पिस्टनभोवतीच्या पोलादी रिंगा, आणि डोक्यावर दोन झडपा: एक ताजी हवा आत घेणारी, दुसरी जळलेला वायू बाहेर सोडणारी. पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा पिस्टन दाबून आठनऊपट लहान जागेत कोंडतो, ठिणगी पडते, स्फोट होतो आणि पिस्टन खाली फेकला जातो. म्हणून एंजिनाविषयी मूळ प्रश्न तीनच. कोंडलेली हवा कोंडलेली राहते का? फिरणाऱ्या भागांना ऑइलचा पुरता दाब मिळतो का? आणि थंड करणारे पाणी आपल्या वाटेनेच फिरते का? पुढल्या साऱ्या परीक्षा यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रश्नाच्या आहेत, आणि एका परीक्षेने तिन्ही प्रश्न सुटत नाहीत हे ध्यानात ठेवावे.

पहिली अट थंड एंजिनाची. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की, आम्ही सकाळी येऊ, तोवर गाडी सुरू करू नका. गेल्यावर नमस्कार-चमत्कार होण्यापूर्वीच बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर चहा घ्यावा, गप्पा माराव्या, आणि दुसऱ्या दिवशी यावे. थंड एंजिनाला लबाडी साधत नाही. झिजलेला पिस्टन सिलिंडरात सैल असतो, तो थंडीतच खडखडतो. गरम झाल्यावर धातू फुगतो आणि आवाज मिटतो. झडपांच्या दांड्यांवरील रबरी सील वाळले असतील तर रात्रभर ऑइल ठिबकून सिलिंडरात उतरते आणि पहिल्या सेल्फला निळा लोट उठतो. पाच मिनिटांनी त्याचा मागमूस राहत नाही.

सुरू करण्यापूर्वी दोन झाकणे उघडून पाहावी. रेडिएटरचे झाकण एंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना ते उघडून चेहरा आणि हात भाजून घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आत रंगीत कूलंट स्वच्छ दिसले तर उत्तम. तांबूस गढूळ पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले आहे, आणि ते का ओतावे लागत होते हा पुढचा प्रश्न. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटविषयी संशय धरावा. दुसरे झाकण ऑइल ओतण्याचे. त्याच्या आतल्या बाजूस ताकासारखा किंवा लोण्यासारखा थर आढळला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. पण येथे घाई करू नये. पावसाळ्यात रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानेही झाकणाला थोडासा थर धरतो. पट्टीवरचे ऑइलही तसेच दुधाळ असेल तरच तो दोष पक्का समजावा. ऑइल काळे आहे म्हणून गाडी वाईट असे मुळीच नाही. डिझेल गाडीचे तर नवे ऑइलही लवकरच काळे पडते. उलट मधासारखे कोरे करकरीत ऑइल दिसले की आम्हाला आता धडकी भरते. कालच का बदलले, हे विचारावे. बोटांवर थेंब चोळून उन्हात धरावा. धातूची चमचम दिसली तर बेअरिंगे झिजत आहेत.

मग एकाला गाडीच्या मागे उभे करून किल्ली फिरवावी. किल्लीच्या पहिल्या फेऱ्यात ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे आणि एंजिन सुरू होताच दोनएक सेकंदांत विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर बल्ब काढलेला असावा, अशी शंका घेण्यास हरकत नाही. दिवा विझला म्हणजे सर्व कुशल असेही नाही. तो फारच थोड्या दाबाला विझतो. संशय आल्यास मिस्त्रींकडून दिव्याच्या जागी दाबाचे मीटर लावून घ्यावे आणि एंजिन पुरते गरम झाल्यावर पाहावे. दर हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पौंड हा जुना ठोकताळा अजून उपयोगी पडतो.

धुराची भाषा तीन रंगांची आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. हा दोष बहुधा स्वस्तात सुटतो. पांढरी वाफ हिवाळ्याच्या सकाळी निरोगी गाडीही सोडते. एंजिन गरम झाल्यावरही ती थांबली नाही आणि तिला गोडसर वास आला, तर कूलंट सिलिंडरात जळत आहे. निळा धूर ऑइलचा. तो केव्हा येतो यावर सारे निदान अवलंबून असते, आणि त्यासाठी आपल्या मुलखासारखी प्रयोगशाळा नाही. पुण्याकडच्याने दिवे घाट गाठावा, मुंबईकराने खंडाळ्याचा. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढावा. अशा वेळी सिलिंडरात मोठी ओढ निर्माण होते आणि झडपांचे गाइड झिजले असतील तर त्यांतून ऑइल आत खेचले जाते. पायथ्याशी येऊन पाय दाबावा आणि आरशात पाहावे. मागे निळा ढग उठला तर दोष वरच्या मजल्यावर, म्हणजे हेडमध्ये आहे. घाट चढताना, भार असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. हेडचे काम परवडते. रिंगांचे काम म्हणजे सबंध एंजिन खोलणे आले. या दोहोंतला फरक घाट फुकटात सांगतो.

पी.यू.सी.चा दाखला कोणी अभिमानाने दाखवील. तो अवश्य पाहावा, पण त्यावर विसंबू नये. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन किती येतात एवढेच ती तपासणी मोजते. ज्या गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, त्यांत थोडेफार ऑइल जळत असले तरी धूर दिसेलच असे नाही. तेथे दुसरी खूण पाहावी. एंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे व भोकावर उलटे ठेवावे. किंचित वाफ येणे साहजिक आहे. पण झाकण नाचू लागले, धूर फुसफुसू लागला, की स्फोटातला वायू रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतो असे समजावे. गॅरेजच्या भाषेत याला गाडी 'बॅक कॉम्प्रेशन मारते' असे म्हणतात.

आवाजाविषयी लिहिणे अवघड, कारण तो कानाने शिकावा लागतो. तरी इतके सांगता येईल. वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची. तिला भिऊ नये. खालून येणारी जड ठोक कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. ॲक्सिलरेटर हळूच दाबून सोडला की ती स्पष्ट होते. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर एंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली की डॉक्टरांच्या नळीसारखे काम होते. फिरत्या पट्ट्यापासून मात्र बाही, ओढणी, शबनम पिशवी दूर ठेवावी.

येथपर्यंतच्या परीक्षांना हत्यार लागले नाही. पुढची परीक्षा आमच्या मते सर्वांत मोलाची आहे, आणि तिला साध्या कॉम्प्रेशन गेजखेरीज काही लागत नाही. एंजिन गरम करावे, सर्व स्पार्क प्लग काढावे, ठिणगी व पेट्रोल बंद करावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि गेज एकेका भोकात बसवून सेल्फ मारावा. पिस्टन पाचसहा वेळा दाबू द्यावा. बॅटरी भक्कम हवी, आणि प्रत्येक सिलिंडरला दाब सारख्याच वेळा दिले गेले पाहिजेत. साधारण पेट्रोल एंजिनात दर चौरस सेंटिमीटरला ११ ते १४ किलो दाब भरतो. पद्मिनीसारख्या जुन्या घडणीच्या एंजिनात त्याहून कमी. पण आकडा मोठा असण्यापेक्षा आकडे एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे.

मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४ च्या जानेवारीत बंद झालेली ही तीन सिलिंडरची गाडी आपल्याकडे कितीतरी घरांची पहिली गाडी होती. समजा, एका गाडीत १२, १२ आणि ८ असे आकडे आले, आणि दुसरीत १०, १० आणि १०. पुष्कळजण पहिली निवडतील, कारण तिचे दोन सिलिंडर जोरकस आहेत. आम्ही दुसरी घेऊ. ती सर्व अंगांनी सारखी झिजली आहे, म्हणजे वापर झाला पण हयगय झाली नाही. ती अजून काही वर्षे निमूटपणे चालेल. पहिलीच्या तिसऱ्या सिलिंडरात काहीतरी मोडले आहे. सिलिंडरांतला फरक शेकडा दहापर्यंत असला तर चालतो. पंधराच्या पुढे कारण शोधल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

कारण शोधण्याची युक्ती सायकलच्या पंपातच आहे. कातडे वाळले की आपण तेलाचे दोन थेंब सोडतो आणि पंप पुन्हा हवा धरतो. तसेच कमी पडलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दाब पुन्हा मोजावा. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने त्यांची फट बुजवली. चढला नाही तर हवा वरून, झडपेतून निसटते. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटले आहे. आणि आकडा अपेक्षेहून जास्त आला तर हर्ष मानू नये. पिस्टनच्या डोक्यावर काजळी साचून जागा कमी झाली असण्याचा संभव असतो.

याशिवाय एक प्रकार असा की, एकच सिलिंडर कमी भरतो, ऑइल घालूनही चढत नाही, आणि झडपाही ठीक असतात. त्याचा संबंध पुराशी असू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हजारो गाड्या बुडाल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला तेच झाले. अशा पाण्यात गाडी चालू राहिली किंवा नंतर घाईने सेल्फ मारला की पाणी सिलिंडरात शिरते. हवा दबते, पाणी दबत नाही. त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो, पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही आणि दाब कमी भरतो. गाडी कितीही चकचकीत केली तरी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला तर पाण्याची रेघ सापडते, आणि गालिच्याखाली गाळ. वाकलेला रॉड काही महिने चालतो आणि मग एखादे दिवशी ब्लॉक फोडून बाहेर येतो.

मोठ्या गॅरेजात हवेचा पंप लावून गळती मोजण्याचे यंत्र असते. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि ती कोठून फुसफुसते ते ऐकतात. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर बाहेरची झडप, एअर फिल्टरमधून आली तर आतली, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. सोय असेल तर हीही करून घ्यावी. व्हॅक्यूम गेजची सुई मुंबईत निरोगी एंजिनावर १७ ते २१ इंचांमध्ये स्थिर राहते. दर हजार फूट उंचीला ती इंचभर उतरते, म्हणून पुण्यात दोनएक इंच कमी दिसली तर गाडीला नावे ठेवू नयेत. सुई स्थिर आहे का, हेच पाहावे.

अलीकडच्या गाड्यांत संगणक असतो आणि त्याला यंत्र जोडून दोषांची यादी वाचता येते. यादी कोरी निघाली म्हणून फसू नये, ती पुसता येते. पुसली की गाडीच्या आतल्या स्वयंतपासण्याही अपुऱ्या दाखवू लागतात, आणि त्या पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. यादी कोरी आणि तपासण्या अपुऱ्या असा जोड दिसला तर काल-परवाच कोणी हात फिरवला आहे. किलोमीटरचा आकडा तर बदलणे त्याहून सोपे. पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि आकडा तीस हजार दाखवत असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा.

विक्रेता तपासणीला नाखूश दिसला तर त्याला लगेच लबाड ठरवू नये. अनोळखी माणसाने आपल्या गाडीचे प्लग काढावे हे कोणालाही रुचत नाही. "मिस्त्री तुमच्या पसंतीचा, खर्च आमचा, काही बिघडले तर भरपाई आमची," असे नम्रपणे म्हणावे. चांगल्या गाडीचा धनी बहुधा तयार होतो. दोष सापडला म्हणजे व्यवहार मोडलाच पाहिजे असेही नाही. झडपांचे सील गेले असतील तर त्याचा खर्च मिस्त्रींकडून लिहून घ्यावा आणि किमतीतून वजा मागावा. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने अशीच एक गाडी घेतली. १०, १०, ९ असे आकडे आले होते, थोडा निळा धूर फक्त सकाळी. त्याने सील बदलून घेतले आणि गाडी उत्तम चालली आहे.

सर्व मनासारखे झाले की पैसे देण्याआधी एक काम उरते. एंजिनाच्या ब्लॉकवर त्याचा नंबर कोरलेला असतो, बहुधा तेलकट काजळीखाली. रॉकेलच्या बोळ्याने पुसून तो आर.सी.वरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. एंजिन मध्यंतरी बदलले असेल तर त्याची नोंद आर.टी.ओ.कडे झालेली असली पाहिजे. नंबर जुळला नाही किंवा तेथे कानशीचे ओरखडे दिसले, तर कॉम्प्रेशन कितीही भरत असो, गाडी तेथेच ठेवून परत यावे.